मोठी रेकॉर्ड तेहतीसवर

आजकाल जुन्या रेकॉर्डी नव्याने छापून विकतात. त्याला रीइश्यू म्हणतात. पाकिटावर एक गोल स्टिकर असतो आणि त्यावर आतल्या रेकॉर्डचं वजन लिहिलेलं असतं, एकशेऐंशी ग्रॅम. वजन, तेही गाण्याचं! वजनावरच विकायचं असेल तर कापूस विका, बाजार समितीत गाड्यांच्या रांगेत उभे राहा. तिथे निदान ओलावा तरी तपासतात. इथे कोणी काही तपासत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत पाकीट, पाकिटात लाल-निळे शिंतोडे उडवलेला थाळा, आणि त्या थाळ्यात कॉम्प्युटरवर धुऊन, इस्त्री करून भरलेला आवाज. घेणारे घेतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि खाली एकमेकांना अंगठे दाखवतात.

या सगळ्या जमातीला मी कस्पटासमान मानत आलो. यात मला कधी संकोच वाटला नाही. मी वर्ध्यात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. ध्वनी हा माझा आवडता धडा. आवाज म्हणजे काय हे दरवर्षी फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला आवाजाबद्दल मत असणारच, आणि ते इतरांपेक्षा बरोबर असणार, असं मी धरून चाललो होतो.

मी ऐकतो ते हेवी मेटल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गिटारचा खरखरीत गडगडाट, ढोल फुटेल असा मार, आणि गाणारा माणूस जो गात नसतो, ओरडत असतो. या संगीताच्या मूळ छपाईत हवा असते, खड्डे असतात, हळू जागा हळू असते आणि मोठी जागा अंगावर येते. नव्या छपाईत सगळं एका पातळीवर आणून ठेवतात. हळूही मोठं, मोठंही मोठं. रोलर फिरवलेल्या रस्त्यासारखं. त्यात अर्ध्या रेकॉर्डी वाकड्या निघतात, काहींचं मधलं भोक मध्यात नसतं, आणि तरी लोक म्हणतात, काय क्लिअर आहे! क्लिअर तर पाणीही असतं. मला भाजी हवी होती.

माझ्याकडे मूळ छपाईची एक रेकॉर्ड आहे. एकच. पण माझा सगळा तोरा तिच्यावर उभा होता. ती आली माझ्या मामाकडून.

मामाचं अल्लीपूरला मंडप डेकोरेशन आणि लाउडस्पीकरचं दुकान होतं. पंचक्रोशीतल्या लग्नांना त्याचे भोंगे लागायचे. मी कॉलेजात होतो तेव्हा सुट्टीत त्याच्याकडे जायचो आणि बांबूवर भोंगे चढवायला मदत करायचो. मामाने एकदा नागपुरात बंद होत असलेल्या एका दुकानातून रेकॉर्डींचा गठ्ठा उचलून आणला. न बघता. सनई आणि सिनेमाची गाणी निघतील या हिशोबाने. निघालीही. पण त्यात ही एक बाहेरदेशची रेकॉर्ड होती, मोठ्या थाळ्याची, आणि तिच्या पाकिटावर शिंगं असलेल्या कवटीचं चित्र होतं. मामीने ते पाकीट त्याच संध्याकाळी चुलीत घातलं. "घरात असं तोंड नोको," म्हणाली. रेकॉर्डही घालणार होती, ती मामाने हातातून हिसकून घेतली.

मामाने ती वाजवून पाहिली आणि त्याला तिचा उपयोग ताबडतोब कळला. भोंगे बांधून झाले की पहिल्यांदा ही रेकॉर्ड लावायची. टेस्टिंगला. "हे वाजलं अन् भोंगा फाटला नाई, म्हंजे लगन पार पडते," असा त्याचा नियम होता. एका खोल विहिरीतून कोणीतरी जड साखळी ओढत वर येतोय आणि येता येता शिव्या देतोय, असा तो आवाज होता. मामाच्या दुकानातली पोरं तिला भूत म्हणायची. मग गावंही म्हणायला लागली. भूत वाजलं की बायका म्हणायच्या, चला, मंडप झाला, आंघोळी आटपा. वऱ्हाड यायच्या आधी, वाजंत्र्यांच्या आधी, भूत. माझ्या माहितीत जगात दुसरीकडे कुठे हेवी मेटलने लग्नाची सुरुवात होत नसावी.

मामाच्या दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात, कारण पुढे त्याच माझ्या गळ्याशी आल्या. पहिली म्हणजे तो प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटने आपलं नाव घालायचा. स्वयंपाकाचे मोठे गंज, बादल्या, सतरंज्या, खुर्च्यांच्या पाठी, भोंगे, सगळ्यांवर नावाचं पहिलं अक्षर आणि खाली अल्लीपूर. मोठ्या लग्नात दोन-तीन मंडपवाल्यांचं सामान एकत्र होतं आणि मग भांडणं होतात, म्हणून सगळेच मंडपवाले असं करतात. पण मामाने रेकॉर्डींनाही सोडलं नाही. मधल्या गोल कागदावर, दोन्ही बाजूंनी, इतका जाड रंग की खालचं एक अक्षर दिसू नये. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्याकडे दोन प्लेअर होते. एकाचा वेग मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर ठेवून खटक्यावर काळी चिकटपट्टी लावलेली, दुसऱ्याचा पंचेचाळीसवर, त्यालाही चिकटपट्टी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हादऱ्याने खटका सरकायचा आणि भर लग्नात गाणं पळायला लागायचं, म्हणून ही व्यवस्था. "मोठी रेकाड तेहतीसवर, लहान रेकाड पंचेचाळीसवर," हे तो कामावर आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायचा. मलाही सांगितलं होतं. मी ते न्यूटनच्या नियमाइतकं पक्कं धरलं.

कॅसेट आल्या तेव्हा मामाने रेकॉर्डी मोडीत काढल्या. भूत मला दिलं. "ने हे. तुलेच आवडते." मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी त्याच्या मुलाने डीजे काढला आहे. डीजेबद्दल मी इथे बोलत नाही, जागा पुरणार नाही.

ती कोणत्या बँडची रेकॉर्ड आहे हे मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. पाकीट चुलीत गेलेलं, कागदावर मामाचं नाव. इंटरनेट आल्यावर शोधता शोधता एकदा सापडली. मधल्या एका आरोळीवरून मी ती ओळखली, आणि ओळखून हादरलो. हे काय करून ठेवलं होतं! माझ्याकडे जो राक्षस होता त्याच्या जागी कोणीतरी किरट्या आवाजाचा पोरगा ओरडत होता. गिटार मागे कुत्रं लागल्यासारखी पळत होती. जिथे पाहावं तिथे हेच. सगळ्यांनी एकाच नव्या मास्टरवरून, म्हणजे छपाईच्या मूळ टेपवरून, नकला मारलेल्या, हे उघड होतं. आजच्या लोकांना धीर नाही, म्हणून कंपनीने गाणं पळवलं. कळसच म्हणजे माझ्या रेकॉर्डवर जे गाणं चार मिनिटं चालतं ते त्यांच्या यादीत तीन मिनिटांचं होतं. अख्खं एक मिनिट कापून खाल्लं होतं हरामखोरांनी.

हे सगळं मी रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं. लांबलचक लिहिलं. तोवर मी तिथे एक साधा मास्तर होतो. त्यानंतर मी, न कापलेली मूळ आवृत्ती जवळ असलेला माणूस झालो. लोक विचारून विचारून माझं मत मागू लागले आणि मी ते न मागणाऱ्यांनाही देऊ लागलो.

त्याच ग्रुपमधून आंजीवाला माझ्याकडे यायला लागला. आंजीला कृषी सहायक म्हणून नोकरीला, म्हणून मी त्याला आंजीवाला म्हणायचो. मूळचा हिंगणघाटकडचा आहे असं एकदा म्हणाला होता. कोणतं गाव ते मी विचारलं नाही. कपाशीवरची बोंडअळी मोजत फिरणारा माणूस, त्याला संगीतातलं काय कळणार, ही माझी भावना मी फारशी लपवली नव्हती. दर रविवारी तो मोटारसायकलवरून यायचा, पाठीला दुपट्ट्यात गुंडाळलेली नवी कोरी रीइश्यू बांधून. प्रत्येक वेळी नवीन. मी लावायचो, एक मिनिट ऐकायचो आणि सुई उचलायचो.

"भंगार."

"असं का, सर?"

मग मी सांगायचो. हवा, खड्डे, रोलर, कोथिंबीर नसलेली भाजी. तो मान डोलवत ऐकायचा. एकदा त्याने माझ्या त्या रेकॉर्डचीच रीइश्यू आणली. बिचारा फार खुशीत होता. मी दोन्ही एकामागून एक लावल्या, आणि त्या रविवारी मी जे बोललो ते बायकोने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि नंतर म्हणाली की इतकं तुम्ही नापास पोराच्या बापालाही बोलत नाही. त्याने फक्त आपली रेकॉर्ड दुपट्ट्यात गुंडाळली आणि नेहमीसारखं म्हणाला, "आता भूत लावा न, सर." भूत हे नाव मीच त्याला कधीतरी सांगितलं असणार. मी लावायचो. तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचा आणि निघून जायचा.

मग नागपूरकर आला.

ग्रुपमध्ये त्याचा शब्द अखेरचा असायचा. भिंतभर रेकॉर्डी, बाहेरच्या देशातल्या जमवणाऱ्यांशी ओळखी. तो कोणाला असली म्हणाला की ती असली. त्याने लिहिलं की या रेकॉर्डच्या चार मिनिटांच्या आवृत्तीची नोंद कुठेही नाही; तुमच्याकडे खरंच ती असेल तर ती जगात एकच आहे, मी येऊन बघतो. ग्रुपवर धुरळा उडाला. मी दोन दिवस शाळेत कोणावर ओरडलो नाही. जगात एक, आणि ती माझ्याकडे, वर्ध्यात, माझ्या मामाच्या नावाची. मी जे वर्षानुवर्षं बोलत आलो त्यावर शिक्का बसणार होता. हे मला किती हवं होतं ते आता सांगायला हरकत नाही. फार हवं होतं.

तो रविवारी दुपारी आला, वाटेत जामच्या चौफुलीवर घेतलेलं संत्र्यांचं पोतं घेऊन. आंजीवालाही होताच, त्याला मी मुद्दाम बोलावलं होतं. नीट छपाई काय असते ते त्यालाही एकदा कळू दे, असा विचार होता. नागपूरकराने खिशातून पांढरे हातमोजे काढले. मला तो माणूस तिथेच आवडला. त्याने रेकॉर्ड उजेडात धरली, लेबलाच्या कडेला कोरलेले आकडे टॉर्चने वाचले आणि म्हणाला, "छपाई ओरिजिनल आहे, सर. शंभर टक्के."

मी आंजीवाल्याकडे बघितलं. तो हसला. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

"पण हे काय आहे?" नागपूरकराने लाल रंगावर बोट ठेवलं. "लेबल बघावं लागेल. थोडं थिनर लावू का?"

"नाही," मी म्हणालो. ते मामाचं अक्षर होतं. मामाच्या हातचं एवढंच माझ्याकडे उरलं होतं. "कानाने ऐका. लेबल काय बघायचं?"

"बरं, लावा."

मी लावली. खोल विहिरीतून साखळी वर यायला लागली. मी खुर्चीत मागे रेललो आणि नागपूरकराच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. त्याच्या कपाळावर एक आठी आली. मग ती गेली. मग तो हसला. ते हसू मला अगदी ओळखीचं होतं, कारण ते माझंच होतं. आंजीवाल्याच्या प्रत्येक रेकॉर्डला मी तसाच हसत आलो होतो. तो उठला, मला न विचारता प्लेअरपाशी गेला आणि बटन दाबून वेग तेहतीसवरून पंचेचाळीसवर नेला.

राक्षस गेला. किरट्या आवाजाचा पोरगा ओरडायला लागला. गिटार पळायला लागली.

"सर, ही पंचेचाळीसची आहे," नागपूरकर म्हणाला. "त्या काळात मोठ्या, बारा इंची रेकॉर्डीसुद्धा पंचेचाळीसवर काढायचे. रीइश्यूवर हेच गाणं आहे, सेम टू सेम. कापलं काहीच नाही." मग थांबून अगदी नम्रपणे विचारलं, "तुम्ही फिजिक्स शिकवता ना?"

मी हो म्हणालो.

त्याने बटनाचा फोटो काढला. कशासाठी ते मला कळलं. चहा घेऊन तो गेला. निम्मी संत्री ठेवून गेला. ग्रुपवर फोटो संध्याकाळपर्यंत पडणार आणि खाली अंगठे लागणार, हे मला ठाऊक होतं. ती जमात तेच करते. पण त्या वेळी मला त्यांचा राग येत नव्हता. राग यायला माणूस कुठेतरी उंचावर बसलेला असावा लागतो. चार भागिले तीन म्हणजे जवळपास पंचेचाळीस भागिले तेहतीस, हे गणित मी दहावीच्या पोरालाही चुकू दिलं नसतं, आणि माझ्यासमोर ते वर्षानुवर्षं त्या यादीत लिहिलेलं होतं.

आंजीवाला उठला नव्हता. तो संत्रं सोलत बसला होता, माझ्याकडे न बघता. ते मला जास्त लागलं.

"तुले मालूम होतं?" मी विचारलं.

"हो, सर."

"कवापासून?"

"मी तीच रेकॉर्ड आनली होती न, तवापासून. दोन्ही एकामागं एक आयकल्या तं समजलंच."

म्हणजे ज्या रविवारी मी त्याला सगळ्यात जास्त बोललो त्याच रविवारी. मी सांगत होतो की कंपनीने गाणं पळवलं, आणि तो समोर बसून मान डोलवत होता.

"मंग काऊन नाई सांगितलं मले? मजा पाहून राह्यला होता काय?"

"नाई हो, सर." तो खरंच दचकला. संत्र्याची फोड तशीच हातात राहिली. "सांगितलं असतं तं तुम्ही पंचेचाळीसवर लावाले लागले असते. मंग मी भूत कुठं आयकलं असतं?"

मला समजलं नाही. त्याने प्लेअरवरच्या रेकॉर्डकडे हात केला, मधल्या लाल अक्षराकडे.

"माहं गाव अल्लीपूरच्या बाजूले हाये, सर. माह्या मोठ्या बहिनीच्या लग्नात ह्याच नावाचे भोंगे होते. सकायी भूत वाजलं अन् मी भिऊन मायच्या मागं लपलो. दिवसभर तिचा पदर नाई सोडला. मंग मोठा झालो तं तेच शोधून राह्यलो. कोनाची रेकॉर्ड होती तेबी मालूम नाई. लोक म्हने हे हेवी मेटल असन. म्हून जे दिसन ते मागवत होतो. पयल्या दिवशी तुम्ही हे लावलं अन् माह्या अंगावर काटा आला. तवापासून रेकॉर्ड आनाची ते निस्तं निमित्त, याचं ते भूत आयकाले."

"पयल्या दिवशी? मंग तवाच काऊन नाई बोलला?"

"बोलनार होतो," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, घडलं ते तो सांगत होता. "तुमचं भाषन चालू होतं, सर."

भूत हे नाव मी त्याला सांगितलं नव्हतं. ते त्याच्या गावाने त्याला माझ्याआधी दिलं होतं.

"अन् तुही ती रेकॉर्ड? तिच्यात नाई निघत?"

"ते तेहतीसचीच हाये न. तिले अजून हळू कशी करू? तेहतीसच्या खाली बटन नाई." त्याने संत्र्याची फोड शेवटी तोंडात टाकली. "हे भूत तुमच्या मामाच्याच रेकॉर्डीत हाये, सर. दुसरीकडं कुठंच नाई."

रीइश्यू आजही मला भंगारच वाटतात. ते मत बदललेलं नाही. पण दर रविवारी जो माणूस आंजीहून उन्हातान्हात पाठीवर रेकॉर्ड बांधून यायचा तो माझ्या मामाच्या एका चुकीसाठी येत होता, आणि त्याने आणलेल्या प्रत्येक वस्तूवर मी थुंकलो होतो. मला लाज वाटली.

मी उठलो, बटन दाबून वेग तेहतीसवर आणला आणि सुई ठेवली. साखळी विहिरीतून वर यायला लागली. तो नेहमीसारखे डोळे मिटणार होता.

"बहिनीचं लगन कोनत्या गावात होतं?" मी विचारलं.

त्याने गावाचं नाव सांगितलं. मग मंडप कुठे होता ते, भोंगे कुठल्या लिंबावर बांधले होते ते, लाल दुपट्टा गळ्यात घातलेला एक बुटका माणूस पोरांवर ओरडत होता ते. तो माझा मामा होता. भूत वाजत होतं आणि तो सांगत होता, आणि मी मध्ये बोललो नाही.